ब्लॉक किती, यापेक्षा चेंडू कुणाच्या हाती

हौशी बास्केटबॉल लीगचा हंगाम रंगात आला की दर आठवड्याला खेळाडूंच्या मोबाइलवर एक तक्ता फिरू लागतो. सर्वाधिक गुण कुणाचे, रिबाउंड कुणाचे, असिस्ट कुणाचे आणि ब्लॉक कुणाचे. शनिवार-रविवारी सकाळी कोर्टावर उतरणारी ही मंडळी आठवडाभर नोकरी-धंदा सांभाळणारी असतात. त्यांच्या खेळाचीही कुणी नीट नोंद ठेवतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पहिल्या तीन रकान्यांबद्दल माझी तक्रार नाही. ब्लॉकच्या रकान्याबद्दल मात्र आहे, आणि ती किरकोळ नाही. कारण हौशी सामन्यात बचावाची जी काही कदर होते, ती जवळजवळ या एकाच आकड्यातून होते. हंगामाच्या शेवटी करंडक मिळतो तोही याच आकड्यावर. ब्लॉक मोजावेत, याबद्दल दुमत नाही. पण आज ते ज्या पद्धतीने मोजले जातात, त्यातून चांगला बचाव करणारा खेळाडू सापडत नाही. उलट चांगल्या बचावाची सवय मोडते. ब्लॉक झाल्यावर चेंडू कुणाकडे गेला, याची नोंद जी लीग ठेवत नाही, तिने ‘सर्वाधिक ब्लॉक’ या नावाचे बक्षीस देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा रकाना आला कुठून, ते आधी पाहू. अमेरिकेच्या एनबीएमध्ये ब्लॉकची अधिकृत नोंद सुरू झाली ती १९७३-७४च्या हंगामापासून. त्याआधी बिल रसेलने बोस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगामांत ११ विजेतेपदे जिंकून निवृत्तीही घेतली होती. बास्केटखालचा बचाव म्हणजे काय, हे रसेलने जगाला दाखवले. तरी अधिकृत यादीत त्याच्या नावावर एकही ब्लॉक नाही, कारण तेव्हा ते कुणी मोजतच नव्हते. विल्ट चेंबरलेनचीही तीच गत. रसेलची खरी ख्याती होती ती शॉट अडवल्यानंतरच्या क्षणासाठी. तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देत नसे. हाताने हलकेच वळवून तो कोर्टातच ठेवी, शक्यतो सहकाऱ्याच्या दिशेने, आणि तिथूनच सेल्टिक्सचा फास्ट ब्रेक सुटे. पुढे मोजणी सुरू झाली आणि विक्रम नोंदले जाऊ लागले. २८ ऑक्टोबर १९७३ रोजी लेकर्सच्या एल्मोर स्मिथने एका सामन्यात १७ ब्लॉक केले. १९८४-८५च्या हंगामात युटा जॅझच्या मार्क ईटनने ४५६ ब्लॉक केले. हकीम ओलाजुवानच्या कारकिर्दीची बेरीज ३८३० वर थांबली. हे आकडे थक्क करणारे आहेत आणि या खेळाडूंच्या थोरवीला मी कुठेही कमीपणा आणत नाही. पण हा रकाना शॉट किती वेळा अडवला एवढेच सांगतो. अडवलेला चेंडू पुढे कुठे गेला, ही रसेलच्या कौशल्याची खरी कसोटी तो पहिल्या दिवसापासून सांगत नव्हता. हौशी लीगने हा रकाना उचलला तो या उणिवेसकट.

ही उणीव किती महागात पडते, हे एकच चाल नीट पाहिली तरी कळते. उजवीकडून ड्राइव्ह मारत एक खेळाडू आत शिरतो. त्याचा डिफेंडर अर्धे पाऊल मागे पडला आहे. पलीकडच्या बाजूने उंच सेंटर दोन पावले टाकून मदतीला येतो, ले-अप हातातून सुटताक्षणी झेपावतो आणि चेंडूवर असा तडाखा देतो की तो थेट रेषेबाहेर, बाकांपर्यंत जातो. बाकावरचे सगळे उठून उभे राहतात. टेबलवर ब्लॉकची रेघ ओढली जाते. पण चेंडू अजून समोरच्याच संघाकडे आहे. त्यांना थ्रो-इन मिळणार, तोही बास्केटच्या जवळून. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमानुसार अशा वेळी २४ सेकंदांचे घड्याळ नव्याने सुरू होत नाही, उरलेल्या वेळातच शॉट घ्यावा लागतो, म्हणजे निदान काही दडपण राहते. पण बहुतेक हौशी सामन्यांत शॉट क्लॉकच नसतो. म्हणजे ज्याने शॉट गमावला त्याचे काहीच गेले नाही. आता तोच सेंटर तडाखा न देता पंजा उघडा ठेवून चेंडू वरच्या वर थोपवतो आणि तो त्याच्याच पॉइंट गार्डच्या हाती पडतो, असे समजा. तक्त्यात दोन्ही ब्लॉक सारखेच. सामन्यात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक.

हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. बास्केटखालचा शॉट निम्म्या वेळा जातो, म्हणजे त्याची सरासरी किंमत एक गुण. समोरच्या संघाला नव्याने चाल रचायला मिळाली तर तिची सरासरी किंमत ०.८ गुण. फ्री थ्रो दहातले सहा जातात, म्हणजे दोन फ्री थ्रोची किंमत १.२ गुण. या हिशेबात चेंडू आपल्याकडे ठेवणारा ब्लॉक पूर्ण एक गुण वाचवतो. रेषेबाहेर घालवलेला ब्लॉक वाचवतो फक्त ०.२. ब्लॉकच्या नादात फाउल झाला तर ०.२ गुणांचे नुकसान. आणि चेंडू खाली येत असताना हात लावून गोलटेंडिंग झाले तर पूर्ण दोन गुण बहाल, म्हणजे एका गुणाचा तोटा. आता एका सामन्यात तीन ब्लॉक रेषेबाहेर घालवून एक गोलटेंडिंग करणारा खेळाडू घ्या. तक्त्यात तो तीन ब्लॉकसह अव्वल, पण संघाला त्याने ०.४ गुणांच्या खड्ड्यात घातले आहे. ज्याने एकच ब्लॉक केला आणि चेंडू राखला, त्याने पूर्ण गुण वाचवला. तो तक्त्यात खाली. गृहीत आकडे थोडे इकडे-तिकडे केले तरी हा क्रम बदलत नाही, कारण फाउल आणि गोलटेंडिंग ब्लॉकच्या रकान्यात उतरतच नाहीत. खर्चाची बाजू कोरी ठेवून फक्त जमेची बाजू लिहिलेली ही वही आहे.

हा विचार कागदी नाही. शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जॉन हुइझिंगा आणि सॅंडी वाइल यांनी २०१० मध्ये एमआयटीच्या क्रीडा-विश्लेषण परिषदेत ब्लॉकच्या किमतीवर निबंध मांडला. कोणत्या प्रकारचा शॉट अडवला, नंतर चेंडू कुणाला मिळाला आणि त्यासाठी गोलटेंडिंग किती झाले, हे धरून हिशेब केला की टिम डंकनचा प्रत्येक ब्लॉक ड्वाइट हॉवर्डच्या ब्लॉकपेक्षा पुष्कळच मोलाचा ठरतो, असे त्यांनी दाखवले. संख्येत हॉवर्ड खूप पुढे होता. डंकन आपल्या १९ हंगामांत एकदाही सरासरी ब्लॉकच्या यादीत पहिला आला नाही. तरी त्याच्या बचावावर सॅन अँटोनियोने पाच विजेतेपदे उभी केली. बचावाच्या जाणकारांची मतेही तक्त्याबरोबर नेहमी जात नाहीत. २०११-१२ आणि २०१२-१३ अशी सलग दोन वर्षे सर्ज इबाका सरासरी ब्लॉकमध्ये अव्वल होता, पण सर्वोत्तम बचावपटूचा मान एका वर्षी टायसन चँडलरला आणि दुसऱ्या वर्षी मार्क गॅसोलला मिळाला. २०१५-१६ मध्ये हसन व्हाइटसाइडने ब्लॉकमध्ये सर्वांना मागे टाकले, आणि मान मिळाला कवाय लेनर्डला, जो बास्केटखाली उभा राहणारा खेळाडूही नव्हता. उलट उदाहरणेही आहेत आणि ती लपवण्याचे कारण नाही. मुटोंबो, बेन वॉलेस, खुद्द हॉवर्ड आणि अलीकडे जॅरेन जॅक्सन यांनी ब्लॉकमध्ये पहिले येऊन हा मान मिळवलेला आहे. ब्लॉक आणि बचाव यांचा संबंधच नाही, असे कुणी म्हणू नये. पण नुसत्या ब्लॉकवरून बचाव ओळखता येत नाही, एवढे या उदाहरणांवरून नक्की सांगता येते.

मुळात बचावाचा मोठा भाग हात चेंडूला न लागताच होतो. २०१६च्या एनबीए अंतिम मालिकेतला सातवा सामना आठवा. धावफलक ८९-८९, दोन मिनिटेसुद्धा शिल्लक नाहीत, आणि आंद्रे इग्वाडालाचा ले-अप लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन बोर्डावर चिकटवला. तो ब्लॉक अजरामर झाला आणि व्हायलाच हवा. पण इग्वाडालाच्या समोर त्या क्षणी जे. आर. स्मिथ होता. त्याला चुकवण्यासाठी इग्वाडालाला हवेत शॉट बदलावा लागला, आणि त्यात गेलेल्या निमिषार्धानेच लेब्रॉनला पोहोचायला वेळ मिळाला. ब्लॉकच्या रकान्यात नाव एकट्या लेब्रॉनचे. इंडियानाचा रॉय हिबर्ट तर दोन्ही हात सरळ वर करून जागच्या जागी उडी मारायचा. त्याला टाळण्यासाठी खेळाडू शॉटचा कोन बदलत आणि चुकत. खुद्द एनबीएलाही ही त्रुटी जाणवली असावी, कारण २०१६ पासून शॉटला केलेला विरोध, बोटांनी वळवलेले पास, स्वतः धडक झेलून मिळवलेले फाउल अशा कष्टाच्या कामांची वेगळी आकडेवारी ती प्रसिद्ध करू लागली. ज्यांच्याकडून आपण ब्लॉकचा रकाना घेतला, ते पुढे सरकले आणि आपण तिथेच राहिलो.

हौशी लीगमध्ये याहून मोठी अडचण आहे ती मोजणाऱ्याची. फिबाच्या अधिकृत स्कोअरशीटवर गुण, फाउल आणि टाइमआउट लिहिले जातात, ब्लॉक नाही. ते काम वेगळ्या, प्रशिक्षित सांख्यिकांचे असते. हौशी सामन्यात ते बहुधा पुढच्या सामन्याची वाट पाहणाऱ्या संघातल्या कुणाच्या तरी गळ्यात पडते. चेंडूला ओझरता स्पर्श झाला, पण शॉट स्वतःच वाकडा होता, तर तो ब्लॉक का? चेंडू वर नेताना कमरेजवळच हिसकावला, तर तो ब्लॉक की स्टील? दोघांनी मिळून अडवला तर नाव कुणाचे? याची उत्तरे दर टेबलवर वेगळी मिळतात, आणि टेबलवर बसलेला अव्वल खेळाडूचा मित्र असेल तर आणखी वेगळी. यात कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची गरज नाही. व्यावसायिक लीगमध्येही हे वाद झाले आहेत. जॅरेन जॅक्सनच्या घरच्या मैदानावर त्याचे ब्लॉक वाढवून लिहिले जातात, अशी ओरड जानेवारी २०२३ मध्ये झाली. एनबीएने तपासून नोंदी योग्य असल्याचे सांगितले. तिथे प्रत्येक चालीचे चित्रीकरण होते, म्हणून शंका फिटली. आपल्याकडे ती फेडणार कशी? सगळा करंडक दोन-तीन ब्लॉकच्या फरकावर ठरतो, आणि तेवढा फरक तर दोन वेगळ्या मोजणाऱ्यांत एका सामन्यातच पडतो.

आणि एक मुद्दा शरीराचा आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्लॉकच्या मागे लागलेला खेळाडू शॉटच्या प्रत्येक हुलकावणीला उडतो. हवेत गेल्यावर त्याचा स्वतःवर ताबा राहत नाही, आणि तो खाली येतो तो बहुतेकदा शूटरच्या अंगावर किंवा पायावर. हवेतल्या खेळाडूला मोकळ्या जागी उतरण्याचा हक्क नियमाने दिलेला आहे, तो काही उगाच नाही. मे २०१७ मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत शॉट मारून खाली येताना लेनर्डचा पाय दुसऱ्याच्या पावलावर पडला, तो मालिकेला मुकला, आणि पुढच्या हंगामापासून एनबीएने शूटरच्या उतरण्याच्या जागेबाबत पंचांना कडक केले. तो तर लाकडी फ्लोअर होता आणि शेजारी डॉक्टरांचे पथक होते. आपल्याकडे कितीतरी कोर्ट उघड्यावरचे, सिमेंटचे आहेत. तिथे पडणाऱ्याला सोमवारी कामावर जायचे असते. त्यांत चाळिशी ओलांडलेले असतात, वर्षभर सरावाशिवाय आलेले असतात. ज्या तक्त्यामुळे एखादा विनाकारण हवेत झेपावतो, त्या तक्त्याची जबाबदारी आयोजकांना झटकता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. लोक म्हणतात, उंच आणि जड खेळाडूला हौशी संघात दुसरे मिळतेच काय? चेंडू गार्ड खेळवणार, शॉट ते मारणार, हा खाली धक्के खात उभा. ब्लॉकचा रकाना तेवढा त्याचा आहे, तोही तुम्ही काढून घेता? नाही, काढून घ्यायचा नाही. त्याच्या खऱ्या कामाचे श्रेय त्याला मिळावे, म्हणूनच हा खटाटोप आहे. मार्क ईटनचेच पाहा. सात फूट चार इंचांचा हा माणूस कॉलेजआधी गाड्या दुरुस्त करायचा. लॉस एंजेलिसला शिकत असताना तो छोट्या, चपळ गार्डांच्या मागे धावून दमत होता. विल्ट चेंबरलेनने त्याला बाजूला घेऊन सांगितले की या पोरांना पकडणे तुझे काम नाही, बास्केट राखणे तुझे काम आहे. ईटनने ते ऐकले. कारकिर्दीत सामन्यामागे सरासरी सहाच गुण करूनही तो दोनदा एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू झाला आणि युटाने त्याची जर्सी निवृत्त केली. त्याला मिळालेला सल्ला ‘ब्लॉक वाढव’ असा नव्हता, ‘जागा धर’ असा होता. हौशी लीगमधला उंच सेंटर जागा धरून उभा राहतो, त्याला पाहून चार खेळाडू आत येण्याऐवजी लांबून घाईघाईत शॉट मारतात, आणि आजच्या तक्त्यात त्या सकाळी त्याच्या नावासमोर शून्य असते. त्याच्यावर अन्याय करते ते हे शून्य.

दुसरे म्हणणे असे की एवढा हिशेब कशाला, ही मौजेची लीग आहे. दणदणीत ब्लॉकने संघात जान येते, समोरचा बिचकतो, आणि तो आनंद गुणांत मोजता येत नाही. हे मला मान्य आहे. बाहेर भिरकावलेल्या चेंडूवरचा तो जल्लोष कुणी बंद करू नये. पण जल्लोषाला तक्त्याची गरज नसते. तक्ता करणारे, करंडक ठेवणारे आणि नावे जाहीर करणारे आयोजकच आहेत. त्यांनीच मौजेला आकड्यात बसवले आहे. आकडा ठेवायचाच तर तो निदान खरा असावा. शिवाय समोरचा बिचकतो, हा परिणाम राखलेल्या ब्लॉकनेही होतो, किंबहुना जास्त होतो, कारण त्याला दुसऱ्याच क्षणी आपल्या बास्केटकडे उलटे धावावे लागते.

तिसरी अडचण मनुष्यबळाची. टेबलवर मुळात एकच माणूस, तो काय काय लिहिणार? यासाठी काही नवे यंत्र लागत नाही. ब्लॉकची रेघ ओढताना चेंडू आपल्या संघाला मिळाला तर तिच्याभोवती गोल करायचा, एवढेच जादा काम. फाउल आणि गोलटेंडिंग पंच शिट्टी वाजवून सांगतातच. ते शॉट अडवताना झाले असतील तर त्याच ओळीत फुली मारायची. आठवड्याचा तक्ता गोलांच्या संख्येवर लावायचा आणि शेजारी फुल्या छापायच्या. किमान किती सामने खेळलेला खेळाडू यादीत धरायचा, हे हंगामाआधी ठरवायचे, नाहीतर दोन सामने खेळून गेलेला पाहुणा सरासरीत सर्वांच्या वर बसतो. ब्लॉक कशाला म्हणायचे, याची चार वाक्यांची सूचना टेबलवर चिकटवायची. नागपाड्यासारख्या ठिकाणी, जिथून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार घडला, हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळणारी माणसे आजही कोर्टाच्या कडेला असतात. अशा एकदोघा जाणत्यांना हंगामात काही सामन्यांसाठी टेबलशेजारी बसवून दोघांच्या नोंदी ताडून पाहिल्या तर मोजणीतला फरक कितीसा आहे, तेही कळेल. तो फरक पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातल्या अंतराहून मोठा निघाला, तर त्या वर्षी करंडक दोघांना विभागून द्यावा.